पोटरी सुटत नाही

६ नोव्हेंबर

चंद्रशेखर सरांचं म्हणणं असं, की पळणाऱ्या माणसानं रोज लिहिलं पायजे. किती पळालो, कुठं दुखलं, त्यावर काय केलं. सर शाळेत पीटी घेत, आता रिटायर झाले अन् आमच्या मेहकरच्या सकाळच्या ग्रुपले पळवतात. त्याइचं ऐकून बसलो लिहाले. नाही त लिहिण्याचा अन् माहा संबंध दुकानातल्या बिलापुरता.

त पहिलं दुखणं. उजव्या पायाची पोटरी. पार दगड झाली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की जीव जाते. मोटारपंप अन् पाईपचं दुकान, दिवसभर उभं राहणं, त्यात जानेवारीत बुलढाण्याले एकवीस किलोमीटर पळायचं म्हणून नाव देऊन बसलो. डॉक्टरनं शुगर काठावर आहे असं सांगतलं होतं. फिरत जा म्हणे. मी फिरता फिरता पळाले लागलो.

पण खरं कारण हे नाही. खरं कारण म्हणजे मंजुश्री घरी नाही. माही बायको. रोज भांडेकुंडे आटोपले की ती पहिले मायचे पाय दाबे, मंग माहे. तिळाचं तेल कोमट करून. मले झोप लागून जाये, ती कवा उठून जाये ते समजतही नसे. भाऊबीजेले तिचा भाऊ ज्ञानेश्वर आला अन् सुलतानपूरले घेऊन गेला. चार दिवसांत येते म्हणे. मंग फोन आला, आबांच्या, म्हणजे माह्या सासऱ्याच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याइच्याजवळ थांबते थोडी. थांब बापा. पण माही पोटरी काय तवरोक थांबते?

ग्रुपमध्ये सांगतलं, बायको माहेरी गेली अन् पोटरीनं संप केला. सारे हसले. सर हसले नाही. म्हणे, "गजेंद्र, सोताच्या हातानं सोताचे पाय मोकळे करता येतात. शिकून घे."

लग्न झालेल्या माणसानं सोताचे पाय सोता चोळायचे. ऐकूनच कसंतरी वाटलं.

९ नोव्हेंबर

सरांनी सांगतल्याप्रमाणं रोलर बनवला. विकत घ्यायची काय गरज, पाईपचं दुकान आपलंच. चार इंची पाईपाचा हातभर तुकडा कापला, त्यावर जुनी सतरंजी गुंडाळली, सुतळीनं आवळली. खाली बसायचं, पोटरीखाली तो पाईप, हात मागं टेकवायचे, बूड उचलायचं अन् पुढंमागं सरकायचं. बूड उचललं अन् डोळ्यात पाणी आलं. मंग हात घसरला अन् आडवा झालो.

माय दारात उभी राहून पाहे. "हे काय नवं सोंग घेतलं रे?"

"मालीश करून राह्यलो माय."

"असं असते का मालीश," म्हणे, अन् गेली आत.

मंजुश्रीले फोन लावला. पाईपाचं सांगतलं त हसली. लय दिवसानं हसली. मंग विचारते काय, "दुखते ते वरच्या मांसात का खाली टाचेकडं?" मी म्हणलं दोन्हीकडं. "टाचेवरच्या शिरेवर पाईप नोका फिरवू. हाडावर त बिलकूल नाही. वरच्या मांसात शोधा. गाठ सापडली की तिथं थांबा, फिरवत नोका राहू. श्वास सोडा. जोर लावला त ती अजून आवळते. तिच्या मनानं सुटू द्या."

मी म्हणलं, तुले बरंच समजते वं यातलं.

"हाताले माहीत आहे," म्हणे.

कवा येतं, असं विचारलं. पाहू म्हणे. तिनं सांगतलं तसं केलं त थोडा फरक पडला. पण सोताच्या हातात ते सुख नाही. दाबणारा अन् दाबून घेणारा एकच असला की झोप येत नाही.

१५ नोव्हेंबर

हळूहळू पळालो. पोटरी मधातच धरली, चालत आलो. तळपायाखाली करिष्माचा जुना टेनिस बॉल घेऊन खुर्चीवर बसलो, मागं-पुढं फिरवला. करिष्मा माही पोरगी, बारावीले आहे, संभाजीनगरले होस्टेलवर. बॉलनं बरं वाटते. पायाच्या तळव्यात इतक्या जागा दुखत असतात हे माहीत नव्हतं.

माय बाहेर ओसरीत बसून सोताच्याच मुठीनं गुडघ्याखाली ठोकून राह्यली होती. तिले बॉल देऊन पाह्यला. "लेकराच्या खेळण्यानं माहे पाय बरे होत नसतात," म्हणे. तिलेही मंजुश्रीच्या हाताची सवय झाली.

स्वयंपाक मायच करते. भाजी खारट झाली होती. बोललो नाही.

२२ नोव्हेंबर

ज्ञानेश्वर दुकानात आला, ठिबकचे पाईप घ्याले. मले वाटलं आता विषय काढन. चहा मागवला. कपाशीचं बोलला, तुरीचं बोलला, आबांचा गुडघा बरा आहे, काठी घेऊन चालतात म्हणे. मी वाट पाहून राह्यलो. शेवटी मीच म्हणलं, "अन् तुही ताई?"

"ताई मजेत आहे दाजी. पहाटे उठून जाते पोरीइले घेऊन. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी आहेत गावातल्या. त्याइले पळवते."

पळवते म्हणजे काय समजलं नाही. संगं चालाले जात असन, वजन कमी कराले. मी म्हणलं, "मंग कवा आणून सोडतं?"

तो पाईपाच्या बंडलाकडं पाहत राह्यला. "तिले विचारून पाहतो," म्हणे.

आता यात विचारायचं काय? भाऊबीजेले भाऊ नेते अन् भाऊच आणून सोडते, ही जगरहाटी आहे. आजवर दर सालचं तसंच झालं. मायले सांगतलं. मायही म्हणे, त्याइनं नेली, त्याइनं आणावी. आपण घ्याले गेलो त त्याइले वाटन आपलं अडलं. पण संक्रांतीच्या आत आली पायजे म्हणे, हळदीकुंकवाले बाया येतात, सून नाही त मी त्याइले काय सांगू.

अडलं त आहेच. पण ते त्याइले काऊन दाखवायचं?

३० नोव्हेंबर

हिवरा आश्रमापर्यंत पळालो. खरं सांगायचं त शेवटी शेवटी चाललो. आश्रमाजवळ पाणी प्यालो, सावलीत बसून मांडीले पाईप लावला, आता तो ग्रुपच्या मोटरसायकलवाल्या पोरासंगं आधीच पुढं पाठवून देतो. जीपनं परत.

सर म्हणे, "दर रविवारी तू हिवऱ्याकडंच पळतं. सुलतानपूरही तेवढंच आहे. रस्ताही बरा."

"सर, सासरवाडी आहे."

"मंग?"

"जावयानं न बोलावता जायचं, अन् तेही चड्डीवर?"

सरांनी वाकून बुटाची नाडी बांधली. मंग म्हणे, "गजेंद्र, तू वरून लय रगडतं अन् आतून धरून ठेवतं. असं कुठं सुटत असते का?"

म्हणजे अजून वेळ द्या लागन. आजपासून सकाळ-संध्याकाळ दोनदा करतो.

८ डिसेंबर

पळालो नाही. थंडी लय आहे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

घर खाली खाली वाटते. हे कोणाले सांगता येत नाही म्हणून इथं लिहितो. माय अन् मी, दोघं जेवतो, ताटं उचलतो, टीव्ही लावतो. मंजुश्री होती तवा ती काय लय बोलत नव्हती. पण आत कुठं तरी तिचं चालू असे, कपाटाचं दार, नळ, बांगड्या. ते नाही आता.

फोन केला. पोटरी कशी आहे ते सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "मायचे पाय कोण दाबते?"

कोणी नाही म्हणलं.

"तुमी दाबा न."

मी हसलो. ती नाही हसली. मले वाटलं रेंज गेली. मंग म्हणे, "ठेवते, पोरी आल्या."

आजकाल तिचा फोन मीच लावतो. तिच्याकडून येत नाही.

१६ डिसेंबर

करिष्माचा फोन. अभ्यासाचं विचारलं. मंग मी तिले म्हणलं, तुह्या मम्मीले सांग बापा, घरी जा म्हणा, तुह्या पप्पाची पोटरी सुटत नाही.

पोरगी म्हणे, "पप्पा, मम्मी सांगते तसं करा. तिले सारं येते. ती स्टेटले पळालेली आहे."

मी म्हणलं कोणत्या स्टेटले?

"तीन हजार मीटर. अमरावतीले विभागात पहिली आली होती. मंग पुण्याले गेली होती. तुमाले माहीत नाही?"

आता आठवलं. पाहाले गेलो होतो तवा आबांनी ताटात मेडलं आणून ठेवले होते, चहाच्या कपांसंगं. मी पाह्यले होते. माह्या मामानं विचारलं, पोरगी पळते का हो? आबा कौतुकानं हाव म्हणे. मामा म्हणे, मंग आमच्या घरून पळून जाऊ नये म्हणजे झालं. साऱ्या बैठकीत हसणं झालं. आबाही हसले. मायनं मेडलाचं ताट उचलून बाजूले ठेवलं, पोह्याच्या प्लेटा ठेवाले जागा पायजे होती. मजा आली होती तवा. मले वाटलं होतं शाळेतलं असन, सॅक रेस वगैरे.

म्हणून तिले पोटरीचं इतकं समजते. मंग आधी काऊन नाही सांगतलं तिनं? मले ट्रेनिंग देता आलं असतं. घरातच कोच होता अन् मी सरांच्या मागं फिरून राह्यलो.

हे करिष्माले सांगतलं त ती म्हणे, "पप्पा, तुमी खरंच..." अन् फोन ठेवला. क्लास होता वाटते.

२५ डिसेंबर

विचार केला, ती रुसली असन कशावरून तरी. काय ते आठवत नाही. आमचं भांडण झालं नाही. मी हात उचलणारा माणूस नाही, दारू पीत नाही, तिले कधी वाईट शब्द बोललो नाही. जास्त बोललोच नाही. मंग रुसाले काय झालं? बायाइचं काही सांगता येत नाही. बाजारातून एक साडी घेतली, मोरपंखी, काठ चांगले आहेत, अन् ज्ञानेश्वर आला होता त्याच्याजवळ देल्ली.

संध्याकाळी फोन आला. तिच्याकडून. म्हणलं चला.

"साडी पोचली," म्हणे. "चांगली आहे. पण मी आजकाल साडी घालत नाही जास्त. पोरीइची भरती जवळ आली, दोन्ही वेळ ग्राउंडवर असते."

मी म्हणलं, भरती झाल्यावर मंग मोकळी होशीन.

ती म्हणे, "दुसऱ्या येतीन न."

मायले सांगतलं नाही हे. मायनं विचारलंही नाही. आधी रोज विचारे, कवा येते, काय म्हणाली. आता आठ-पंधरा दिवसांपासून विचारत नाही. संक्रांतीचं वाण आणायचंही नाव काढत नाही.

पोटरी आज जास्त आहे. पाईप, बॉल, तेल सारं करून झालं. गाठ सापडते, सुटते, सकाळी पुन्हा तिथंच.

४ जानेवारी

सुलतानपूरले जाऊन आलो. सारं लिहितो. सकाळपासून डोक्यात तेच फिरून राह्यलं.

बुलढाण्याच्या आधीचं शेवटचं लांब पळणं होतं. ग्रुप हिवऱ्याकडं वळला. मी थांबलो अन् लोणारच्या रस्त्याले लागलो. सर मागं वळून पाहत होते. मी सोताले सांगतलं, सरावाचा रस्ता आहे, सासरवाडी मधात आली त माहा काय दोष. पळत आलेला माणूस पाणी प्याले थांबतेच.

अर्धा रस्ता चांगला गेला. दोन्हीकडं तूर उभी, धुकं, ऊन पडलं नव्हतं. मनात ठरवून राह्यलो होतो की काय बोलायचं. गाव दिसाले लागलं अन् पोटरी अशी धरली की खालीच बसलो. चोळली, ओढली, उभा राह्यलो त टाच टेकत नाही. एका पायावर लंगडत सुलतानपुरात शिरलो. जावई म्हणून काय इज्जत राह्यली असन ते लोकंच जाणोत.

शाळेच्या मैदानावर पोरी गोल करून बसल्या होत्या. साऱ्याइच्या हातात घरचे लाटणे. पोटरीवरून, मांडीवरून लाटणं फिरवून राह्यल्या होत्या. मधात एक बाई उभी, पाठमोरी, ट्रॅक पँट, अंगात गडीमाणसाचा शर्ट, केस वर बांधलेले. मी मनात म्हणलं, या गावात मॅडम कोण आली बा नवीन. ती इकडं वळली त मंजुश्री.

तिनं मले पाह्यलं. पायाकडं पाह्यलं. घाबरली नाही, धावत आली नाही. पोरीइले म्हणे, "दुसरा पाय घ्या." मंग माह्याजवळ येऊन म्हणे, "घरी चला, बसा. टाच उचलून चालू नोका, पूर्ण टेकवा." तिच्या खांद्यावर हात ठेवला असता त बरं झालं असतं, पण पोरी पाहत होत्या अन् तिनंही खांदा पुढं केला नाही.

घरी आबा बाजेवर बसले होते, काठी जवळ. किसनराव नाव त्याइचं, आमी आबाच म्हणतो. मले पाहून उठाले लागले. "पाहुणे पळत आले का मेहकरहून?" म्हणे. खुश झाले म्हातारे. मंग तिले म्हणे, "मंजे, जरा पाय दाबून दे वं त्याइचे."

ती आत गेली होती पाणी आणाले. तिथूनच म्हणे, "त्याइले येते आता, आबा. सोताचं सोता करतात ते. शिकले."

पाणी आणलं, अन् संगं लाटणं. ते माह्यासमोर ठेवलं. सोता समोर जमिनीवर बसली. म्हणे, "पाहा. तुमी एकाच जागी बसता. गाठ पोटरीत दिसते पण ओढ खालून-वरून येते. पहिले तळपाय, मंग हे मांडीचं मागचं, शेवटी पोटरी." अन् पँट गुडघ्यापर्यंत वर केली अन् सोताच्या पायावर दाखवाले लागली.

मी तिची पोटरी पाह्यली. खरं लिहितो, मी ती कधी पाह्यलीच नव्हती. अठरा वर्षं झाले लग्नाले. साडी असते, अंधार असते, पाहायचं कोणाच्या ध्यानात येते? पळणाऱ्याची पोटरी. वरचं मांस दोन भागात वेगळं दिसते तशी. अन् घोट्याच्या वर एक जुना वण, तो कशाचा तेही मले माहीत नाही. ती बोटानं दाबून दाखवत होती अन् एका जागी तिचं तोंड जरा वाकडं झालं. तिलेही दुखत होतं.

मले काय झालं काय माहीत. मी हात पुढं केला, तिच्या पोटरीवर ठेवला. दाबून द्यायची म्हणून. खरंच तेवढंच मनात होतं.

तिनं पाय ओढून घेतला. झटका नाही देल्ला. हळूच घेतला अन् पँट खाली केली.

नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावला की बाईले पाप लागते म्हणतात. म्हणूनच असन. बाप समोर बसला होता, त्यातही लाज वाटली असन. मीही येडा, कुठं हात लावावा ते समजलं नाही.

आबा काठी घेऊन उठले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी म्हणलं, "मंजू, चाल आता घरी. संक्रांत आली."

"मी नाही येत."

"बरं, संक्रांत झाल्यावर ये."

"झाल्यावरही नाही."

मी म्हणलं, रागात बोलून राह्यली तू. ती म्हणे, "राग असता त आली असती. राग आला की माणूस भांडाले तरी येते." आवाज चढवला नाही. भाजीत मीठ किती ते सांगावं अशी बोलली. मी विचारलं माहं काय चुकलं ते त सांग. तिनं लाटणं उचलून बाजूले ठेवलं. म्हणे, "तुमी वाईट नाही. मले तिथं माहे पाय आठवत नव्हते. इथं आली अन् दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर गेली, चार पावलं पळाली अन् तिथंच उभी राहून रडली. आता मी ते सोडत नाही."

हे काय उत्तर झालं? पळायचं असन त मेहकरले पळ. मी काय नाही म्हणलं असतं का? असं मी म्हणलंही. ती म्हणे, "पळून घरी येऊन मंग कोणाचे पाय दाबू?"

"करिष्माचं काय?"

"तिले दिवाळीतच सांगतलं."

म्हणजे पोरीले माहीत होतं. ज्ञानेश्वरले माहीत होतं. मीच दोन महिने लोकाइले सांगत फिरलो, सासऱ्याचं ऑपरेशन आहे, येते आता.

बाहेर येऊन आबांपुढं उभा राह्यलो. म्हणलं, आबा, तुमी मोठे आहा, तुमी समजावून सांगा, आणून सोडा. आबांनी माह्याकडं पाह्यलं नाही. काठीनं जमीन कोरत म्हणे, "पाहुणे, जेवून जा. पण पोचवून द्यायचं मले सांगू नोका."

जेवलो नाही. ज्ञानेश्वरनं फाट्यावर सोडलं, तिथून जीप. जीपमध्ये मले रडू आलं. शेजारचा माणूस विचारे काय झालं भाऊ. पोटरी धरली म्हणून सांगतलं.

५ जानेवारी

दुकान उघडलं नाही. सकाळी ओसरीत उन्हात माय मेथी निवडत बसली होती. काल तिले काही सांगतलं नव्हतं. आज सांगतलं. मंजुश्री काय म्हणाली ते, आबा काय म्हणाले ते. आबांचा मले जास्त राग आहे. पोरगी काहीही म्हणो, बापानं असं म्हणायचं असते का? कोणता बाप पोरीचं घर मोडू देते?

मायनं मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणे, "मी बी गेली होती."

"कुठं?"

"धाड गावाले, माह्या माहेरी. तू रांगत होता. परत जात नाही म्हनून सांगतलं माह्या बापाले. तो काही बोलला नाही. जेवू घातलं, मायजवळ निजू देल्लं. तिसऱ्या दिशी सकाळी एसटीत बसवलं अन् सोता संगं बसला. धाडपासून मेहकरपर्यंत माह्याशी बोलला नाही तो. तुह्या बापाच्या दारात उतरवली अन् पानी न पिता तसाच माघारी गेला."

मले हे माहीत नव्हतं. "मंग?"

"मंग काय. राह्यली."

"काऊन गेली होती तू?"

ती पुन्हा मेथी निवडाले लागली. "आता आठवत बी नाही रे," म्हणे. पण तिचे डोळे भरले होते. उन्हानं असन.

मी म्हणलं, "माय, हेच त म्हणून राह्यलो मी. बाप असा पायजे. त्यानं पोचवलं म्हणून तुहा संसार झाला, मी लहानाचा मोठा झालो. तूच बोल किसनरावशी. त्याले तुह्या बापाचं सांग. तुहं ऐकन तो, तू वयानं मोठी आहे."

ती नको म्हणे. मी ऐकलं नाही. फोन लावला, स्पीकर चालू केला अन् तिच्या हातात देल्ला. तिकडून आबा हॅलो हॅलो म्हणून राह्यले होते. माय फोनकडं पाहत बसली. मी हातानं खुणावलं, बोल.

"किसनराव, मी गोजरबाई, मेहकरहून," म्हणे. "गुडघा कसा आहे तुमचा?"

बरा आहे म्हणे ते. मंग आबा म्हणे, "बाई, मले माफ करा, पण पोरीचं मन नाही."

माय म्हणे, "हाव. म्हनूनच फोन केला. तिले पोचवून देऊ नोका. मी म्हनलं तरी देऊ नोका."

अन् फोन माह्या हातात देऊन, भाजीची परडी उचलून आत गेली.

माय काय बोलून गेली ते तिचं तिलेच समजलं नसन. वय झालं तिचं, रात्रभर झोपही नव्हती. आबांनी काही मनावर घेऊ नये. संध्याकाळी मीच लावतो त्याइले फोन.